रिपोर्ट दाव, मग काढा

डोक्याला ओला टॉवेल, पोटावर मातीची पट्टी आणि पायांत काट्यांच्या सपाता, एवढा सरंजाम करून आमचे शेजारी शिवप्पाकाका रोज सकाळी ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची जीभ बघतात. दूधवाल्याचीसुद्धा.

डॉक्टरचं नाव काढलं की त्यांचं तोंड कारल्यासारखं होतं. "सगळे लुटारू बे! झाडपाल्यात काय न्हाय?" असं म्हणत ते पातेल्यात काढा उकळतात. वासानं अख्खी गल्ली जागी होते. मला सुईची जन्मजात भीती, त्यामुळे काका म्हणजे माझ्या लेखी देवमाणूस.

या उन्हाळ्यात मला सारखी तहान लागायला लागली. वजन उतरलं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. बायको म्हणाली, रक्त तपासा. मी गुपचूप काकांचा ओटा गाठला आणि जीभ बाहेर काढली.

काकांनी ती निरखली. "रिपोर्ट कुटं हाय?"

"कसला?"

"रक्ताचा की. रिपोर्ट दाव, मग काढा."

मला काही कळेना. डॉक्टर लुटारू, मग रक्त द्यायला त्यांच्याकडेच कशाला? पण काकांनी पातेल्यावर झाकणच ठेवलं. शेवटी डोळे मिटून सुई टोचून घेतली. साखर भरपूर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर रोज "गोळी घेतली का?" विचारूनच काका पेला हातात देऊ लागले.

थोड्या दिवसांत तहान कमी झाली, पण डोक्यातला गोंधळ वाढला. "काका, गुण कशाचा? गोळीचा की काढ्याचा?"

"गोळीचा. ह्यात नुसतं आलं नि बडीशेप हाय. तुज्यात गूळ बी न्हाय घातला."

"मग डॉक्टरला शिव्या?"

"त्या घातल्या तरच तुज्यासारखी भित्री हितं येतात."

काका टॉवेल पिळत बसले. मग म्हणाले, "तुज्या काकूला बी हेच झालतं. मी म्हटलं, गोळ्या सोड, माजा काढा पी. कडू जहर होता, पण जाईस्तवर कदी न्हाय म्हणली न्हाय. लई विश्वास तिचा."

मी पेला घाईघाईनं संपवला आणि उठलो.

"उद्याबी ये," काका म्हणाले. "एकट्यानं पिववत न्हाय की."

आता मी रोज जातो. ते आधी माझी जीभ बघतात. कशासाठी, ते मी विचारत नाही. बाहेर काढतो.