प्रतींच्या प्रतींचे पारिपत्य

श्रीशंकर प्रसन्न. शके एकोणीसशे एकेचाळीस, ज्येष्ठमास, पर्जन्य रुसलेला आणि विहिरी तळ दाखवीत असता बीड परगण्यात सहकारी संस्थेची चारा छावणी पडली होती. तेथील वर्तमान यथामती लिहिले आहे.

छावणीचे दप्तरदार राजश्री मन्मथप्पा यांजकडे तेलगावच्या दूध संस्थेचे मोहनराव यांचे पत्र उन्हाळ्याआधीच दाखल जाहले होते. मजकूर इतुकाच की, आमच्या संगणकाची जागा वरचेवर भरते, आपण काय इलाज करता, लिहावे. मन्मथप्पा ग्रंथ वाचणारे, स्वभावे भिडस्त. आपण सांगावे आणि त्यांचे बिघडावे, या धास्तीने जबाब लिहीत आणि फाडीत, आणि मग पत्र चष्म्याच्या डबीखाली सरकवीत.

तो एके सकाळी खुद्द त्यांचाच संगणक हटून बसला. जनावरांची हजेरी घेईना. म्हणे, जागा नाही. हजेरी जिल्ह्यास रवाना जाहल्याविना चारा मिळणे नाही, आणि चाऱ्याचा ट्रक मांजरसुंब्याच्या ढाब्यावर उभा. दुपारपावेतो हुकूम न पोहोचल्यास दुसऱ्या छावणीस कूच करणार.

"अप्पा, लई येळ झाला. माजी म्हैस कालपासून रित्या दावणीला तोंड घासायलीय," विमलबाई दारातून म्हणाली.

चेअरमन बिभीषणराव म्हणाले, "मशीनच बदलून टाकू का ओ?"

मन्मथप्पांनी आधी `df -h` नामे जासूद पाठविला. त्याने किल्ला शंभर टक्के भरल्याची खबर आणली. मग `du -sh * | sort -h` नामे हेर सोडिला. त्याने सारे कप्पे तोलून सर्वांत जड ते तळाशी उभे केले. सारे `prati-` नावाचे. अप्पांनी चष्मा पुसून नावे पुनः वाचिली. सहकाराची रीत ऐसी की, कागदास प्रत हवीच. त्या रीतीस स्मरून त्यांनीच एक छोटी आज्ञावली नेमिली होती की, रोज पहाटे साऱ्या कप्प्याची प्रत त्याच कप्प्यात काढावी. ती इमानी चाकर. कालच्या प्रतींचीही प्रत काढी, आणि परवाच्या प्रतींच्या प्रतींचीही. गनीम घरचा, नेमणूक आपल्या हातची.

"मग मारा की अप्पा! उडवा सगळं!" बिभीषणरावांनी फर्माविले.

`rm -r prati-*` इतुकेच लिहावयाचे होते. परंतु अप्पांचा स्वतःवर भरवसा नाही, म्हणून तलवारीआधी `ls -d` लिहून नुसती पाहणी केली. लिहिता लिहिता `*` या ताऱ्याआधी बोटभर मोकळी जागा पडली, आणि सुटा तारा म्हणजे कप्प्यातील सारे काही. पडद्यावर प्रतींसंगे अस्सल हजेरी आली, विमलबाईच्या म्हशीचा फोटोही आला.

"कावून थांबलात ओ?" बिभीषणरावांनी पुसिले.

"नुसतं पाहिलं म्हणून बरं. मारलं असतं, तर छावणीच गेली असती."

बिभीषणराव खुर्चीत बसले. अप्पांनी ताऱ्याआधीची मोकळी जागा मिटविली, पुनः पाहिले, केवळ प्रती दिसल्या, आणि मग `rm` चालविला. आज्ञावलीस ताकीद दिली की, प्रत एकच काढावी, ती दुसऱ्या डिस्कवर, आणि प्रतीची प्रत काढू नये. हजेरी रवाना जाहली, ट्रक आला.

"खायली बगा," विमलबाई म्हणाली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, अस्सल एकही न गमावता. त्याच सायंकाळी अप्पांनी मोहनरावांस लिहिले की, मारण्याआधी पाहावे, आमचे तेणेच वाचले. कागद फाडिला नाही. टपालपेटीपाशी पत्ता दोनदा वाचला, मग पाकीट आत सोडिले, आणि ते खाली पडल्याचा आवाज ऐकूनच घरी परतले.