ओळखीतली नोकरी

अण्णामामांच्या हिरडीत भुलीचं इंजेक्शन गेलं होतं, गालात कापसाचे बोळे होते, दातांचा डॉक्टर चिमटा घेऊन वाकला होता. तरी मामांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि बोबड्या जिभेनं विचारलं, "गाव कंचं तुमचं?" दाढ बाहेर येईपर्यंत तो पोरगेला डॉक्टर मामांच्या साडूच्या मेव्हण्याचा भाचा निघालेला होता.

अण्णामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. कोपरगावला असतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची हयात गेली. उसाची गाडी काट्यावर चढायची, आकडा स्थिर व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात मामांचं गाडीवानाला गाव, आडनाव, आजोळ विचारून व्हायचं. मामा निवृत्त झाले, सवय झाली नाही. चुकून लागलेल्या फोनलाही ते सोडत नाहीत. एकदा क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीनंच वैतागून त्यांचा फोन ठेवला होता.

"भाच्या, ध्यानात ठिव," ते मला सांगतात. "कुठलाबी मानूस घे, तिसऱ्या फाट्याला पाव्हना निघतोच."

मला हसायची सोय नाही. राहात्याच्या शाळेत मी कारकून म्हणून लागलो तो अशाच एका तिसऱ्या फाट्यावरून. संस्थेचे सचिव मामांचे नेमके कोण लागत, हे मला आजही धड सांगता येत नाही. पण लागत होते. मी माझ्या गुणांवर लागलो असं मी फक्त बायकोला सांगतो, आणि ती तेवढ्यात गॅस बारीक करायला उठते.

तर माझी मुलगी शीतल नर्सिंगची डिग्री घेऊन घरी आली. मार्क चांगले, नोंदणी झालेली, गणवेश कडक इस्त्रीचा. आम्हाला वाटलं, नर्सशिवाय दवाखाने अडलेत, आता आपल्या दारात रांग लागणार. रांग लागली, पण त्या रांगेत आम्हीच उभे होतो. जिथं जावं तिथं एकच विचारणा, "अनुभव?" एका ठिकाणी शीतलनं न राहवून विचारलं, "सर, ज्यांचा पहिलाच दिवस असतो त्यांना तुम्ही काय म्हणता?"

"पुढच्या वर्षी या म्हणतो," साहेब म्हणाले, आणि शीतललाही खरोखरच तेच सांगितलं.

हे कळल्यावर मामा दुसऱ्याच दिवशी धोतर सावरत राहात्यात हजर. "पोरगी घरात बसलीय आन् मला सांगत न्हाई व्हय रं? नगरला आपली ओळख हाय. मोठ्या डॉक्टरची."

नगरच्या त्या हॉस्पिटलचा काचेचा दरवाजा आपला आपण उघडला तेव्हाच मामा थोडे बिचकले. दार ढकलल्याशिवाय आत जाणं त्यांना उपऱ्यासारखं वाटलं असावं. समोरच्या मुलीला त्यांनी गाव विचारलं. ती म्हणाली, "सर, बायोडाटा एचआरला मेल करा."

"त्ये कोन? गाव कंचं त्यांचं?"

"ते हैदराबादला बसतात."

मामा खुर्चीत बसले. हैदराबादकडे त्यांचा एकही फाटा जात नव्हता. ज्या मोठ्या डॉक्टरांची ओळख होती ते हॉस्पिटल विकून मुलाकडे अमेरिकेला गेले होते. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "इमारत लई मोठी केलीया. आत मानूसच न्हाई." मग उसाचा रस पाजला आम्हाला, आणि रसवाल्याचं गाव विचारलं. तेवढंच मनाचं समाधान.

त्यानंतर कोपरगावचं एक मध्यम हॉस्पिटल. खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं घर. डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारलं, "अनुभव?"

"गाव कंचं तुमचं?" मामांनी विचारलं.

"मूळचे खर्ड्याचे आम्ही."

मामा खुर्चीच्या टोकावर आले. खर्डा हे माझ्या मामीचं माहेर. सुमनमामी जाऊन काही वर्षं झाली होती. पहिल्या फाट्याला डॉक्टरांच्या आजोळचं आडनाव जुळलं, दुसऱ्याला मळा जुळला, आणि तिसऱ्याला डॉक्टरांची आई ही मामीची धाकटी चुलत बहीण निघाली. डॉक्टर उठले आणि मामांच्या पाया पडले. "काका! म्हणजे ही तर आपल्या घरचीच मुलगी. उद्यापासून येऊ दे."

शीतलला पहिली नोकरी लागली. मी शाळेत पेढे वाटले, अगदी ज्यांच्याशी बोलत नाही त्या उपमुख्याध्यापकांनाही. त्या दिवशी कोपरगावहून परत येताना एसटीत शीतल म्हणाली होती, "पप्पा, पगाराचं काही बोलले का?"

"अगं, घरच्यांना कसं विचारायचं?" मी म्हणालो.

डॉक्टरांनीही नेमका तोच विचार केला होता.

घरच्या मुलीला बाहेर खोली कशाला, म्हणून शीतलची व्यवस्था वर, डॉक्टरांच्या आईच्या, म्हणजे आक्कांच्या खोलीत झाली. आक्कांचे गुडघे गेलेले. सकाळी आक्कांच्या गुडघ्यांना तेल, दुपारी आक्कांचं जेवण, संध्याकाळी मेथी निवडणं. खाली वॉर्डात बोलावणं यायचं ते दुसरी सिस्टर रजेवर गेली की. त्या सिस्टरला पगार होता, आठवड्याची सुट्टी होती, कारण ती बिचारी परकी होती. शीतलनं सुट्टी मागितली की डॉक्टरीणबाई हसून म्हणायच्या, "घरातून कुणी सुट्टी घेतं का गं?" पगार म्हणून दिवाळीला साडी मिळाली. रंग मात्र चांगला होता, खोटं कशाला बोलू.

मामांचं तेवढं सोनं झालं होतं. दर गुरुवारी ते आक्कांकडे चहाला जायचे. आक्का त्यांना "दाजी" म्हणायच्या. मामी गेल्यापासून त्यांना या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आणि आक्कांजवळ मामीच्या लहानपणच्या गोष्टींचा साठा होता. सुमी किल्ल्याच्या बुरजावर चढून राघू धरायला गेली आणि उतरता येईना म्हणून वरूनच गावाला शिव्या देत बसली. सुमीनं मास्तरांच्या छत्रीत बेडूक सोडला. मामा शुक्रवारी मला फोन करून ताजी गोष्ट सांगायचे. "आरं, येवढा संसार केला, पर हिनं मला येका शब्दानं सांगितलं न्हाई कधी!" मेलेल्या बायकोबद्दल काही नवं कळावं, हे सुख किती जणांना मिळतं?

वर्ष भरलं. नाशिकच्या एका हॉस्पिटलातून शीतलला निरोप आला. अतिदक्षता विभागात जागा होती, फक्त वर्षभराचा अनुभवाचा दाखला आणा. डॉक्टरांनी दाखला दिला नाही. "घरच्यांना कसला दाखला? आणि तू गेल्यावर आईचं कोण करणार?"

मग मी बाप या नात्यानं ठणकावायला गेलो. राहात्यापासून कोपरगावपर्यंत वाक्यं घोकली. डॉक्टर म्हणाले, "या दादा, चेहरा उतरलाय, बीपी बघू." मी बीपी तपासून घेतलं, "मीठ कमी करा" हा सल्ला घेतला, आभार मानले आणि बाहेर आलो. बायकोनं त्या दिवसापासून माझ्या आमटीत मीठ घातलेलं नाही. सल्ल्यामुळे नव्हे.

नाशिकची मुदत संपत आली. मी मामांच्या ओट्यावर बसलो असताना शीतलचा फोन आला. मला मोबाईल नेहमी स्पीकरवरच लागतो.

"आजोबांच्या ओळखीनं अडकले मी, पप्पा," ती रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "परकी असते तर सुटले असते. त्यांना म्हणावं, तुमची ओळख परत घ्या."

मामांनी ऐकलं. आत जाऊन टोपी घालून आले. "चल," म्हणाले. गुरुवारच होता.

केबिनमध्ये डॉक्टरांनी "या काका" म्हटलं. मामा बसले नाहीत.

"डॉक्टरसाहेब, येक चुकी झाली माजी."

"साहेब काय म्हणता काका?"

"आपलं नातं न्हाई. आमच्या हिचं म्हायेर खर्डा न्हवंच. त्याच्या पल्याडचं गाव. आडनाव सारखं निघालं, मी आपला बोलत ग्येलो."

मी मामांकडे बघतच राहिलो. खर्ड्याला त्यांच्या लग्नात वाढलेल्या बुंदीचं वर्णन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"अहो, पण आई तर सगळं सांगते..."

"त्यांचं वय झालंय. मी सुमी म्हनलो, त्या सुमी म्हनल्या. ती सुमी येगळी." मामांचा आवाज सरळ होता, काट्यावरचा आकडा सांगावा तसा. "तवा ही पोर परकी हाय. परक्या पोरीला वर्षभर बिनपगारी राबवलं, ह्ये चार गावात बरं दिसत न्हाई. मी काय कुनाला सांगनार न्हाई. पर मला बोलायची लई खोड हाय, ती तुमाला म्हाईतच हाय."

डॉक्टर बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग "बाबा, तुम्ही बाहेर बसा," म्हणाले. काकांचे बाबा झाले होते. खेड्यातून आलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या पेशंटला ते तसंच म्हणत.

दाखला मिळाला. वर्षभर सिस्टर म्हणून काम केले, वर्तन चांगले, खाली सही-शिक्का. त्यावर शीतल नाशिकला लागली. तिथं तिला कुणी घरची म्हणत नाही आणि तिचा पगार वेळेवर होतो.

पण त्या दुपारी आम्ही तिघं तिची बॅग घेऊन रस्त्यावर आलो, तेव्हा वरच्या गॅलरीचा दरवाजा वाजला. आक्का कठड्याला धरून कशाबशा उभ्या होत्या.

"दाजी! अवो दाजी! च्या टाकलाय की! सुमीची येक गंमत आठवलीय, वर या!"

शीतल थांबली. मीही थांबलो आणि मामांचं कोपर धरलं. "मामा, तुम्हाला हाक मारतायत."

मामांनी वर पाहिलं नाही. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दुसऱ्या कुनाला तरी मारत आसतील," ते म्हणाले. "चाल, तुमची यष्टी जाईल."