तिसऱ्यांदा घर बघायला आलेली रेकॉर्ड

साताऱ्यात जुनी रेकॉर्ड विकत घ्यायची असली, की आधी ती रेकॉर्ड घर बघायला येते. गिऱ्हाइकाला रेकॉर्ड आवडली एवढ्याने भागत नाही. रेकॉर्डला गिऱ्हाईक आवडावे लागते. नकार आला तर बारा वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही. तीन नकार झाले, की तिच्यापुरते त्या माणसाचे नाव कायमचे कटते आणि त्यावर अपील नाही. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या श्रीनिवास उपळेकरांना हा नियम रास्त वाटे. अपिलाची सोय असली की प्रकरण कधीच निकालात निघत नाही, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते.

त्या रविवारी सकाळी नऊला कृष्णाबाई आंबर्डेकरांची भीमपलासाची रेकॉर्ड त्यांच्याकडे तिसऱ्यांदा येणार होती.

कृष्णाबाईंनी उभ्या आयुष्यात ही एकच रेकॉर्ड केली. उपळेकरांनी ती १९७४ साली वाईला एका लग्नाच्या मांडवात ऐकली, तेव्हा पंगत उठली तरी त्यांच्या हातातली जिलबी हातातच होती. त्यानंतर ते तिला शोधायला लागले. ती मिळेना, पण शोधताना दुसऱ्या मिळत गेल्या. एका सर्कशीचा बँड मिळाला, सनईवर वाजवलेल्या इंग्रजी चाली मिळाल्या, जालन्याची एक कव्वाली मिळाली, निव्वळ पक्ष्यांच्या आवाजांची एक मिळाली. अशा अकराशे चाळीस जमल्या. १९८६ साली ती स्वतः रशीदभाई अत्तारांच्या दुकानात सापडली आणि रीतीप्रमाणे घर बघायला आली. उपळेकरांच्या रेकॉर्डी तेव्हा एकीवर एक आडव्या ठेवलेल्या असत. "मी ताट नाही," एवढे बोलून ती परत गेली. १९९८ साली पुन्हा आली, तेव्हा त्यांनी भक्तिभावाने तिच्यावरची धूळ आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसली. तिथेच दुसरा नकार पडला.

तिसरा अर्ज २०१० मध्ये करता आला असता. पण तिसरा म्हणजे शेवटचा, म्हणून तयारीत आणखी चौदा वर्षे गेली. आताही घाई नव्हती; पण पुण्याच्या एका डॉक्टरांनी तिच्यासाठी अर्ज भरल्याचे कळले. डॉक्टरांकडे नऊ हजार रेकॉर्डी होत्या, सगळ्या प्लास्टिकमध्ये, थंड खोलीत, आणि त्यांतली एकही वाजत नसे.

"मला बघायला आला होतात तेव्हा एवढे घाबरला नव्हतात," पोह्यांवर खोबरे पेरत कुमुदताई म्हणाल्या.

"तेव्हा मला दुसरी स्थळं सांगून येत होती."

"येत होती म्हणे. कोण होतं, नाव सांगा एकीचं."

उपळेकरांनी इस्त्रीच्या सदऱ्याची बटणे पुन्हा एकदा तपासली.

रशीदभाई नऊला पाच मिनिटे असताना आले. त्यांनी रेकॉर्ड मलमलीतून काढून खुर्चीवर टेकवून उभी केली. कुमुदताईंनी तिच्यापासून हातभर अंतरावर पोह्यांची बशी ठेवली. रेकॉर्डच्या वाटचे पोहे मध्यस्थाने खायचे असा प्रघात आहे. रशीदभाईंना वर्षाकाठी सत्तर-ऐंशी बशा पडतात, आणि ते तक्रार करत नाहीत.

रेकॉर्डने खोली पाहिली. मांडणी उभी होती, ऊन येत नव्हते, सुई नवी होती. रेकॉर्ड बोलण्याआधी सुई टेकल्यासारखी जराशी खरखर होते, तशी झाली.

"सुधारणा आहे," ती म्हणाली. "आता मला घरातल्यांशी बोलायचं आहे. एकटीला."

हा तिचा हक्कच होता. तिघे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. बाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मध्येच सर्कशीचा बँड हसल्यासारखा वाटला.

"काय सांगत असतील हो?" उपळेकरांनी विचारले.

"खरं तेच सांगतील," रशीदभाई म्हणाले. "रेकॉर्डींना दुसरं येत नाही."

अर्ध्या तासाने बाहेर बोलावणे आले. घरातल्यांच्या वतीने सगळ्यात जुनी, लाखेची जाड रेकॉर्ड बोलली होती. उपळेकर अकरावीत असताना एका लाउडस्पीकरवाल्याने ती त्यांना फुकट दिली होती. तिने साक्ष अशी दिली होती: माणूस प्रेमळ आहे. हात स्वच्छ धुतो. पण नवीन रेकॉर्ड आली, की एकदा ऐकतो, डोळे पुसतो, कव्हरच्या आत पेन्सिलीने तारीख लिहितो, आणि चप्पल शोधायला लागतो.

"हे खरं आहे?" रेकॉर्डने विचारले.

उपळेकरांनी मान खाली घातली. खरेच होते. अकराशे चाळिसांपैकी निम्म्या तरी दुसऱ्यांदा वाजल्या नव्हत्या.

"मग सांगा उपळेकर, मी हो म्हटलं, तर पुढच्या रविवारी तुम्ही काय करणार?"

दारातून कुमुदताई खुणा करत होत्या. दिवसभर तुम्हालाच ऐकेन, असे म्हणा, असा त्या खुणांचा अर्थ होता. उपळेकरांना तो कळलाही. पन्नास वर्षांचा शोध त्या एका वाक्यावर येऊन थांबला होता, आणि वाक्य सोपे होते. नोकरीत त्यांनी याहून मोठी असत्ये तीन-तीन प्रतींत लिहिली होती. पण समोर भीमपलास उभा होता.

"सकाळी तुम्हाला ऐकेन," ते म्हणाले. "दोन्ही बाजू. मग साडेदहाला चप्पल घालेन. कराडला एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर तीन खोकी निघालीत म्हणे."

कुमुदताईंनी कपाळाला हात लावला.

"काय आहे त्यांत?" रेकॉर्डने विचारले.

"ते माहीत नाही. म्हणून तर जायचं."

खरखर बराच वेळ चालली. रशीदभाईंचा घास हातातच राहिला.

"अडतीस वर्षं मी अत्तारांच्या एकाच खणात उभी आहे," रेकॉर्ड म्हणाली. "जो येतो तो मला शोधत येतो, आणि मी सापडले की त्याचा चेहरा पडतो. शोधायला मात्र मला कधी कोणी नेलं नाही. तुमच्याकडे कापडी पिशवी आहे का?"

उपळेकर पिशवी शोधायला उठले.

"दोन आहेत," कुमुदताई म्हणाल्या. "त्यातली एक भाजीची. ती मिळणार नाही."

रशीदभाईंनी हात पुसून फॉर्म काढला. 'पसंत' या रकान्यात खूण केली. पुढच्या रकान्यात कारण लिहावे लागते. तिथे रेकॉर्डच्या सांगण्यावरून 'तीन खोकी' असे लिहिले.

मग उपळेकरांनी हात धुऊन ती लावली. आलाप सुरू झाला तेव्हा कुमुदताईंनी आदल्या दिवशीच आणून लपवलेली जिलबी त्यांच्या हातावर ठेवली. दोन्ही बाजू संपेपर्यंत ती हातातच होती.

पुढच्या रविवारी उपळेकर कराडला गेले. माळ्यावर पिशवी मांडीशी धरून ते खोक्यांपुढे बसले. पहिल्या खोक्यात काही नव्हते. दुसऱ्यात उंदराने घर केले होते. तिसऱ्याशी पिशवीतून आवाज आला, "खालून चौथी. हळू काढा, ती लाजरी आहे." ती एका अनोळखी माणसाने वाजवलेली जलतरंगाची रेकॉर्ड निघाली. कव्हरवर नावसुद्धा नव्हते.

नियमाप्रमाणे ती त्याच्या पुढच्या रविवारी घर बघायला आली. रशीदभाईंना पोहे मिळाले. तिने मांडणी पाहिली, सुई पाहिली, आणि घरातल्यांशी बोलायचे आहे म्हणाली. तिघे स्वयंपाकघरात गेले, पण यावेळी दार उघडेच राहिले होते.

"गृहस्थ कसे आहेत?" जलतरंगाने विचारले.

"एकदा ऐकतात, डोळे पुसतात, तारीख लिहितात आणि चप्पल शोधतात," भीमपलासाची रेकॉर्ड म्हणाली.

"मग आपण काय करायचं?"

"पिशवीत बसायचं. या रविवारी नंबर सर्कशीच्या बँडचा आहे. तुमचा पुढे लावून घेते."

रशीदभाईंनी बशी बाजूला ठेवली आणि फॉर्म काढला.