निष्क्रिय देखरेख उपसमितीचा गणेशोत्सव

कोणतीही सेवा भरवशाची आहे की नाही, हे त्या सेवेला जराही त्रास न देता तपासावं, यात फार मोठी सभ्यता आहे. सेवा वापरणाऱ्याला होणारा त्रास हा वेगळा विषय आहे आणि तो कोणाच्याच खात्यात येत नाही.

झाशीच्या स्नेहवर्धक मराठी मंडळात ही सभ्यता भरपूर. (माणसं कमी, त्यामुळे दरडोई जरा जास्तच पडते.) गेल्या वर्षापर्यंत गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात भाग घ्यायचा असेल तर लक्ष्मी गेटपाशी दुर्गाकाकूंना गाठून "काकू, माझं नाव घाला" म्हणायचं, की झालं. या पद्धतीत पारदर्शकता अजिबात नव्हती, नुसतंच काम होत होतं. म्हणून यंदा नावनोंदणी वेबसाइटवर गेली आणि काकूंना शाल-नारळ मिळाला.

वेबसाइट बनवली परागदादाने. तो इथल्या कारखान्याच्या कॉलनीतला, वडिलांची बदली झाली म्हणून जळगावहून आलेला. त्याने अर्जात 'मूळ गाव' असा रकाना ठेवला आणि त्यात महाराष्ट्रातला एकूण एक तालुका तेवढा मान्य केला. मराठी माणसाचं मूळ गाव महाराष्ट्राबाहेर असू शकतं, ही शंका त्याला आली नाही. ज्यांची घरं दोन-अडीचशे वर्षं इथेच आहेत, त्यांनी ती काढली नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

सेवेच्या तपासणीचं काम दुर्गाकाकूंच्या यजमानांकडे आलं, म्हणजे ही गोष्ट जिची आहे त्या शाल्मलीच्या सख्ख्या मधुसूदनकाकांकडे. काका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, हा तिथला नियम ते घरीही पाळतात. (मिक्सर बंद करायलासुद्धा काकूच येते.) त्यांनी निष्क्रिय देखरेखीची पद्धत निवडली. खोटे अर्ज पाठवून सेवेची परीक्षा घ्यायची नाही. बाजूला बसायचं, खरी माणसं काय पाठवतात आणि सेवा काय उत्तर देते ते लॅपटॉपवर बघायचं. उत्तर ठरलेल्या नमुन्यात आणि वेळेत गेलं, की सेवा पास.

शाल्मली अकरावीत आहे आणि तिला निवेदन करायचं होतं. गेल्या वर्षी तिला पडद्याची दोरी मिळाली होती, कारण तिची मराठी "हिंदीत बुचकळलेली" आहे असं मंडळाचं मत पडलं. मग तिने उन्हाळाभर आरशासमोर सराव केला. इतका, की बडा बाजारात बांगड्या घेताना ती "भैया, वाजवी दर सांगावा" म्हणाली आणि भैयाने घाबरून खरोखरच वाजवी सांगितला. थोडक्यात, मुलगी तयार होती.

नोंदणीच्या शेवटच्या संध्याकाळी ती काकांच्याच जेवणाच्या टेबलाशी, काकांच्या शेजारी मोबाइल घेऊन बसली. मूळ गाव झाशी लिहिलं, बटण दाबलं. उत्तर आलं: "मूळ गाव अमान्य. कृपया पुन्हा प्रयत्न करावा. गणपती बाप्पा मोरया."

"काका, माझा अर्ज दिसतोय ना तुम्हाला?"

"स्वच्छ दिसतोय. तुझं नाव, आपलं आडनाव, सगळं."

"मग घ्या ना लिहून."

"मी लिहून घेतलं तर ती देखरेख राहील का, बाळ? तो हस्तक्षेप होईल."

"अहो पण आपलं गाव झाशीच ना. तुमचं नाही का?"

"आहे की."

"मग हे चूक आहे."

"उत्तर वेळेत आलं," काका म्हणाले आणि त्यांनी हिरवी खूण केली.

"सातारा लिहून टाक," आतून काकू म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"मैं क्यों लिखूँ सातारा?" शाल्मलीची उन्हाळाभराची मराठी एका क्षणात उतरली. "कधी पाहिलं पण नाही मी ते."

काकूने बाहेर येऊन शाल्मलीकडे बोट दाखवलं. "अहो, पोरीचा चेहरा तरी बघा."

"तो माझ्या कक्षेत येत नाही," काका म्हणाले. नोंदणी बंद होईपर्यंत ती बटण दाबत राहिली आणि काका हिरव्या खुणा करत राहिले.

अहवाल उत्तम आला. सेवेची विश्वासार्हता: शंभर टक्के. अनुत्तरित अर्ज: शून्य. स्वीकारलेले अर्ज: तेही शून्य. (कॉलनीतल्या मुलांना तालुका होता, हौस नव्हती.) यशाने भारावून मंडळाने सगळ्याच सभासदांना देखरेख उपसमितीत घेतलं आणि एकमुखाने नियम केला, की उत्सवात जे काही घडेल ते सभासदांनी फक्त बघावं; अडवणं, सुचवणं, नकार देणं हा हस्तक्षेप समजला जाईल.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आरती झाली, माइक लावला, सगळे बसले. कोणाचंच नाव नोंदलेलं नसल्यामुळे कोणी उठलं नाही. सगळे माइककडे बघत होते. माइकचं काम निर्दोष चाललं होतं.

मग शाल्मली उठली. ती सरळ व्यासपीठावर चढली. अध्यक्षांचा हात वर झाला, नियम आठवला, खाली आला.

"नमस्कार," ती म्हणाली. मराठी जागेवर होती. "आता आपल्यासमोर मधुसूदनकाका एक नाट्यपद म्हणतील."

काकांनी तोंड उघडलं. नाही म्हणावं तर नकार. गप्प बसावं तर ती माइक घेऊन उभीच. ते गेले. त्यांनी पद म्हटलं, कारखान्याच्या भोंग्याच्या पट्टीत. काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, पण निष्क्रियपणे.

त्यानंतर अध्यक्ष नाचले. परागदादाने भारूड केलं. खजिनदारांनी कोंबड्याचा आवाज काढला. असा रंगलेला गणेशोत्सव झाशीत कोणाला आठवत नाही. निवेदिका एकदाही अडखळली नाही.

आता तिच्या हातात एकच नाव उरलं आहे आणि ते तुमचं आहे. उठा. एक पोर तुमच्या डोळ्यांदेखत संध्याकाळभर बटण दाबत होती आणि तुम्ही मजेत पुढची ओळ वाचत होतात, तेव्हा उपसमितीचे सभासद तुम्हीही झालातच. नाही म्हणायची सोय नाही. काय म्हणताय, गाणं की नाच?