बेंबळीचा हिरवा मांडव

पुण्याच्या सिनेगॉगमध्ये सणाचं जेवण झालं, मनुकांचं सरबत पोटात गेलं, आणि बेंबळीच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सॉलोमन झिराडकरांना बोलायची हुक्की आली.

सण मांडवाचा होता. पूर्वजांनी मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून रानोमाळ भटकताना झोपड्यांत दिवस काढले, त्याची आठवण म्हणून आठवडाभर झाडपाल्याच्या मांडवात बसून जेवायचं, असा हा ज्यूंचा सण. सिनेगॉगच्या आवारात मांडव घातला होता. वाळक्या झावळ्या आणि रंगीत कागदाच्या पताका.

"हा मांडव म्हणायचा?" डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी बेंबळीला या. असा हिरवागार मांडव घालून दाखवतो की एम्प्रेस गार्डननं येऊन बघावं."

पंगतीत हशा पिकला. एक माणूस मात्र हसला नाही. ते डॉक्टरांचे सासरे, बिन्यामीनराव राजपूरकर. सिनेगॉगच्या समितीचे प्रमुख. पोस्टातून निवृत्त झाले होते, पण अजूनही समोरच्या माणसाकडे कमी तिकिटं लावलेल्या पाकिटाकडे पाहावं तसे पाहत.

"ठरलं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी येतो. सूर्य मावळायच्या आत शास्त्राप्रमाणे मांडव उभा दिसला, तर तुमचं खरं. नाही दिसला तर पुण्याला बदली घ्यायची. खात्यातले वरचे साहेब माझ्या ओळखीचे आहेत. जिथं सिनेगॉग नाही, प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं नाहीत, तिथं माझी मुलगी किती दिवस ठेवू?"

"मंजूर," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत शेजारी त्यांची बायको फ्लोरा बसली होती. ती बीएस्सी झालेली, बेंबळीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेतली मोडकी कपाटं दुरुस्त करून तिनं नुकतीच छोटी प्रयोगशाळा उभी केली होती.

"पैज तुम्ही लावलीत," ती म्हणाली, "आणि हरलात तर प्रयोगशाळा माझी जाणार."

"हरतोय कशाला? खेड्यात पाल्याला काय तोटा?"

हे बोलणं एकाहत्तर सालचं. बहात्तर साली पाऊसच आला नाही.

म्हणजे कसा आला नाही, तर बेंबळीच्या शिवारात हिरवं म्हणून काही उरलं असेल तर ते पोस्टाच्या भिंतीवरचं शेवाळ, आणि तेही गेल्या वर्षीचं. लिंबाचा पाला शेळ्यांनी नेला. बाभळीचा मेंढ्यांनी नेला. केळीचे खुंट विहिरींच्या आधी वाळले. सोसायटीचा चारा डेपो दोन दिवसांत उघडणार होता. तो आषाढापासून दोन दिवसांत उघडणार होता. गुरांच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जनावराचा आजार एकच होता, भूक, आणि त्यावर डॉक्टरांच्या कपाटात औषध नव्हतं.

सण आठवड्यावर आला, तेव्हा डॉक्टरांच्या अंगणात चार खांब उभे होते. त्यांना भिंती म्हणून फ्लोराच्या जुन्या साड्या बांधल्या होत्या. वर आकाश होतं.

"सायेब, पत्रे टाकू का?" दवाखान्याचा शिपाई रेवणप्पा म्हणाला. "गोदामात पडून हायती."

"पत्रा चालत नाही. जमिनीतून उगवलेलं पाहिजे, आणि कापलेलं पाहिजे."

"पत्र्याला देवाची काय हरकत हाय?"

"पत्र्यातून चांदण्या दिसत नाहीत."

"मग चादर टाकतो, इरलेली. चांदण्या काय, सूर्य बी दिसंल."

"रेवणप्पा, सावली उन्हापेक्षा जास्त पडली पाहिजे आणि तरी चांदण्या दिसल्या पाहिजेत. असं शास्त्र आहे."

रेवणप्पानं थोडा विचार केला. "लई अवघड देव हाय तुमचा," तो म्हणाला, आणि पत्रे पुसायला निघून गेला.

डॉक्टरांच्या मदतीला धावून आला तो आबाराव. शेजारच्या गावचा बागाईतदार, साखर कारखान्याचा सभासद. त्याच्या विहिरीला अजून पाणी होतं. उन्हाळ्यात त्याची गाय अडली होती, तेव्हा डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवलं होतं. ते त्यानं लक्षात ठेवलं होतं.

"वाढं देतो की एक गाडी," तो म्हणाला. उसाचे हिरवे शेंडे, लांब पात्यांचे. याच वाढ्यासाठी सगळा तालुका जीव टाकत होता. "पर डाक्टर, तुमच्या दारात तर एक बी जनावर न्हाय. करणार काय त्याचं?"

"छतावर टाकणार."

आबारावनं डोक्यावरचा पटका काढला, झटकला आणि पुन्हा घातला. "छतावर."

"देवासाठी."

"मग बराबर हाय," तो म्हणाला. देवाचं नाव निघाल्यावर मराठवाड्यात पुढचे प्रश्न विचारत नाहीत.

सणाच्या दिवशी सकाळी भरल्या गावातून वाढ्याची गाडी आली. गेल्या कित्येक महिन्यांत बेंबळीनं इतकं हिरवं एका जागी पाहिलं नव्हतं. माणसं ओट्यावरून उठून उभी राहिली. एक म्हातारी गाडीच्या पाया पडली. गाडी सोसायटीसमोरून गेली, पंचायतीसमोरून गेली आणि गुरांच्या डॉक्टरच्या अंगणात थांबली. तिथं मांडव तयारच होता, चाऱ्याच्या छावणीला घालतात तसा. मग गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. यात गावाची चूक मला तरी दिसत नाही.

वाढं छतावर चढलं. डॉक्टर खाली उभं राहून वर बघू लागले. पात्यांतून ऊन ठिबकत होतं, झालर लोंबत होती, ओल्या उसाचा वास सुटला होता. शाळेला निघालेल्या फ्लोरानं जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे पाहिले, मान तिरपी केली आणि म्हणाली, "सावली जास्त आहे. चांगली जास्त आहे." फ्लोराकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

ती गेली. डॉक्टर सासऱ्यांना आणायला उस्मानाबादच्या स्टँडवर निघणार, इतक्यात फाटकाशी विठाबाई आली. समोरच्या परीटगल्लीतली, एकटी राहणारी, एका गाईवर घर चालवणारी.

"डाक्टरसायेब, ह्यो मांडव कुणासाठी वं?"

या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी बसमध्ये सासऱ्यांना द्यायचं म्हणून पाठच केलं होतं. ते त्यांनी विठाबाईला दिलं. "येईल त्याच्यासाठी, विठाबाई. आमचा धर्मच आहे तसा. मांडवात जो येईल तो पाहुणा. त्याला उपाशी परत पाठवायचं नाही."

"कुनीबी आलं तरी?"

"कुणीही येऊ द्या."

"एकच दिस का रोज?"

"आठवडाभर. रोज."

विठाबाईनं वर पाहिलं. मग पदराला हात पुसत, जरा भीतभीत विचारलं, "मग माझी कपिली आणू का? दोन दिस झाले, पोटात काडी न्हाय तिच्या."

डॉक्टरांची बस सुटायला आली होती. गाय आजारी आहे एवढंच त्यांच्या कानापर्यंत पोचलं. "आणा की. त्यात विचारायचं काय? रेवणप्पा आहे, तो बघेल. रेवणप्पा, बघ रे."

रेवणप्पा सगळं ऐकतच होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब भले आहेत हे त्याला माहीत होतं, पण इतके असतील असं वाटलं नव्हतं.

दुपारी उस्मानाबादहून परत येणाऱ्या एसटीत बिन्यामीनराव खिडकीशी बसले होते. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी होती, तान्ह्या बाळासारखी धरलेली. या सणाला खजुराचं कोवळं पान, मेंदीसारखी हदासची डहाळी आणि वाळुंजाच्या फांद्या एकत्र बांधून हातात धरतात, सोबत एक महाळुंग. हे सगळं त्यांनी पुण्याहून जपून आणलं होतं. बाहेर उघडे माळ मागे पळत होते.

"पाला कुठं दिसत नाही," बिन्यामीनराव म्हणाले.

"तुम्ही बघाच, मामा."

बेंबळीच्या फाट्यावर ते उतरले. रस्ताभर ताजं शेण पडलं होतं. पुढं एक माणूस दोन बैल घेऊन लगबगीनं चालला होता. मागून एक बाई वासराला ढकलत येत होती.

"आज बाजार आहे का?"

"नाही. दवाखान्याकडे निघाले असतील." डॉक्टरांची छाती जरा फुगली. "लोकांचा विश्वास आहे, मामा. पुण्यात कुत्री-मांजरी तपासून हे मिळतं का?"

कोपरा वळला आणि डॉक्टर थांबले.

अंगण दिसतच नव्हतं. दिसत होती ती शिंगं. फाटकापासून पार मारुतीच्या पारापर्यंत गुरांची रांग लागली होती, शिस्तीत, कारण रेवणप्पा काठी घेऊन शिस्त लावत होता. मांडवाचे चार खांब होते. फ्लोराच्या साड्या होत्या. वर पुन्हा आकाश होतं.

"घाई करू नका," रेवणप्पा सांगत होता. "उद्या बी हाय. सायेबांचा देव आठवडाभर हाय." आणि डॉक्टरांना पाहून त्यानं सलाम ठोकला. "सायेब, समद्यांना सारखं वाटलं. एक पेंढी हिकडची तिकडं न्हाय."

बिन्यामीनराव शांतपणे म्हणाले, "हे कोण?"

"पाहुणे," डॉक्टर म्हणाले.

"आणि छत?"

डॉक्टरांनी कपिलीकडे पाहिलं. कपिली रवंथ करत होती.

पुढचं बोलणं राहून गेलं, कारण ओल्या फडक्यातून वाळुंजाची एक फांदी बाहेर डोकावत होती. त्या क्षणी अख्ख्या बेंबळीत उरलेली हिरवी वस्तू तेवढीच होती, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बैलांना वाढं पोचलं नव्हतं. पहिल्यानं मान वळवली. मग दुसऱ्यानं. मग रांगच वळली.

बिन्यामीनरावांनी जुडी डोक्यावर धरली. बैलांनी माना वर केल्या. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते कधी पळाले नव्हते. ते आता पळाले. कोट, टोपी, हातात आभाळाकडे धरलेली जुडी आणि मागं गुरं, अशी ती मिरवणूक गल्लीला एक फेरी घालून आली. शेवटी विठाबाईनं त्यांना दंडाला धरून आपल्या ओट्यावर ओढलं आणि पहिल्या बैलाच्या नाकावर खराटा हाणला.

"बसा, आण्णा," ती म्हणाली. "पाणी देते. देवाचं हाय व्हय त्ये?"

"देवाचं आहे," बिन्यामीनराव धापा टाकत म्हणाले. "आणि तो मांडवही देवाचाच होता."

ओट्याभोवती माणसं जमली होती. रेवणप्पाची काठी खाली पडली. डॉक्टर मधे उभं राहून काहीतरी समजावून सांगू लागले, पण ते काय बोलत होते हे त्यांचं त्यांनाच नीट कळत नव्हतं.

विठाबाईनं तांब्या खाली ठेवला. "म्हंजे देवाचं छत माझ्या गाईनं खाल्लं?"

"सगळ्यांच्याच गुरांनी खाल्लं," कुणीतरी म्हणालं.

"मग सगळ्यांनीच घालायचं. दिस मावळायला हाय अजून."

नेमकी तेव्हा शाळेतून फ्लोरा आली. तिनं खांबांकडे पाहिलं, गुरांकडे पाहिलं, ओट्यावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं, आणि कुणालाच काही न विचारता म्हणाली, "जमिनीतून उगवलेलं आणि कापलेलं. गुरं खात नाहीत असं काय आहे गावात?"

"पऱ्हाट्या," विठाबाई म्हणाली. "तुराट्या."

कापसाच्या वाळक्या काटक्या आणि तुरीच्या काटक्या, चुलीत घालायच्या. त्या प्रत्येक घरी होत्या. घटकाभरात बायका डोक्यावर मोळ्या घेऊन आल्या. ज्याच्या बैलानं जास्त खाल्लं, त्यानं जास्त आणल्या. रेवणप्पा छतावर चढला आणि एकेक मोळी पसरू लागला, रडवेल्या तोंडानं. झालं ते छत घुबडाच्या घरट्यासारखं दिसत होतं. त्यात हिरवं म्हणून एक पान नव्हतं.

सूर्य टेकला तेव्हा बिन्यामीनराव मांडवात शिरले. कवडसे पाहिले. वर पाहिलं. एक काटकी त्यांच्या टोपीवर पडली.

"सावली जास्त आहे," फ्लोरा म्हणाली.

"दिसतंय." ते खाली बसले. दाराशी अर्धं गाव उभं होतं. "या की आत. बाहेर का?"

माणसं आत आली, मावली तेवढी. बाकीची साड्यांच्या फटींतून बघत राहिली. बिन्यामीनरावांनी सरबताचा पेला हातात धरून हिब्रूतून आशीर्वाद म्हटला. त्यातलं अक्षर कुणाला कळलं नाही, पण शेवटी ते "आमेन" म्हणाले तेव्हा विठाबाईनं कपाळाला हात लावला आणि मग सगळ्यांनीच लावला. नारळाच्या दुधातली खीर पुरवून पुरवून वाढावी लागली.

"सॉलोमनराव," रात्री हात धुताना सासरे म्हणाले, "पुण्याच्या मांडवात पाहुणे म्हणून दरवर्षी समितीचे लोक येतात. समितीच येते आणि समितीच जेवते." बदलीचा शब्द निघाला नाही. डॉक्टर पैज जिंकले होते.

आठवडा संपला. मांडव उतरवला, काटक्या ज्याच्या त्याच्या चुलीत गेल्या. बिन्यामीनरावांच्या ट्रंकेला मात्र कुणी हात लावला नाही. सकाळी ते दवाखान्यात खुर्ची टाकून बसत आणि डॉक्टरांच्या आधी गाईची जीभ बघत. दुपारी पारावर बसून, पूर्वजांना मिसरातून सोडवणाऱ्या मोशेची गोष्ट सांगत. ती रोज जरा लांबत होती. संध्याकाळी विठाबाईकडे ताकाला जात. सोसायटीच्या सचिवाला त्यांनी चारा डेपोवरून असं झापलं की डेपो खरोखरच उघडला. गाव त्यांना आण्णा म्हणू लागलं. डॉक्टरांना "आण्णांचे जावई" म्हणू लागलं.

दिवाळी उलटली तेव्हा डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन बसले. जरा खाकरले.

"मामा, पुण्यातले ते वरचे साहेब... आहेत का अजून खात्यात?"

"आहेत की."

"नाही, म्हटलं, पुण्याची हवा तशी वाईट नाही. फ्लोरालाही एखादी चांगली शाळा..."

"अगदी काळजी करू नका," बिन्यामीनराव म्हणाले आणि मायेनं जावयाच्या गुडघ्यावर थाप मारली. "त्यांना मी परवाच निरोप धाडलाय. झिराडकरांना बेंबळीतून कुणी हलवायचं नाही. निवृत्त होईपर्यंत."