श्रीशैलची चौथी खेप

श्रीशैल बँकेतून घरी आला की चप्पल काढण्याआधी माशांच्या टाकीपाशी जाई आणि डोळे मिटून उभा राही. राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटमध्ये क्लाउनफिशची पिल्लं तीनदा जन्मली होती आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत मेली होती. ही चौथी खेप. "ही बी मेली, तर टाकी विकायची. सांगून ठेवते," असं बायकोनं, भूमिकानं, बजावलं होतं.

पिल्लांचं खाणंही जिवाला घोर लावणारं. बाटलीतल्या हिरव्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवायचे आणि ते पाणी थेंब मोजून टाकीत घालायचं. कमी पडलं तर पिल्लं उपाशी, जास्त झालं तर पाणी नासून खलास.

पाचव्या दिवशी त्यानं डोळे उघडले, तर पिल्लंच दिसेनात. टाकीतलं पाणी हिरवंगार आणि शेजारची बाटली रिकामी!

"अव्वाऽ! बाटली कुठं वतलीस?"

त्याची आई शांतव्वा शेंगा सोलत बसली होती. "टाकीत. दुसरीकडं कुठं वतू?"

"सगळी?"

"मग! थेंबथेंब काय घालतुयास? आपल्यात पावण्याला बी कुणी असं वाढत न्हाय. ही तर बाळं हायत!"

"अगं, मरतील की ती!"

"खाऊन कोण मरतंय?"

"आन उद्याला काय घालू?"

"विरजणाएवढं ठेवलंय की तळाला. तुझं खारं पाणी वत त्यात."

श्रीशैलला दरदरून घाम फुटला. पाणी उपसावं तर पिल्लं त्याबरोबर जाणार, राहू द्यावं तर नासणार. भूमिकानं टाकीत डोकावून एवढंच विचारलं, "गिऱ्हाईक बघू का?"

त्यानंतर आत बघायची त्याची छातीच होईना. आठवडाभर तो टाकीकडे पाठ करून जेवला आणि पिल्लांना वाढायचं काम आपसूक शांतव्वाकडे गेलं.

बाराव्या दिवशी भूमिका ओरडली, "अहो, हिकडं या आधी!"

तो डोळे मिटूनच गेला. उघडले, तर नखाएवढी केशरी पिल्लं पळत होती आणि प्रत्येकाच्या अंगावर पांढरा पट्टा, म्हणजे धोका टळला! त्याला रडूच आलं. शांतव्वानं बारशाच्या घुगऱ्या सकाळीच शिजवून ठेवल्या होत्या.

त्यानं मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. लगेच कुरुंदवाडच्या धैर्यशीलनं विचारलं, "साहेब, रोज किती मिली घालता?"

"अव्वा, रोज किती घालतीस?"

"पोट भरंस्तोवर."

श्रीशैलनं तसंच लिहून पाठवलं आणि पुढचा प्रश्न यायच्या भीतीनं फोन बंद केला.