पाइपाचा बंदोबस्त

वॉशिंग मशीनचा पाइप उंदराने कुरतडला, पण त्यासाठी मेकॅनिक बोलवायचा नाही, एवढंच गोरक्ष पगारांनी ठरवलं होतं. निर्णय तसा चिमूटभरच होता. पुढे त्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी, सोसायटीची मीटिंग, होला पक्ष्यांची अख्खी पंगत आणि सासूबाई एवढे सगळे भिजणार आहेत, हे त्यांना कसं कळावं? (सासूबाई तर मनमाडला होत्या. तरी भिजल्या.)

"अहो, मशीनखाली पाणी झालंय," उज्वला मोरीतून म्हणाली. "पाइप उंदराने खाल्लाय. मेकॅनिकला फोन लावा."

"एवढ्याशा पाइपासाठी मेकॅनिक? मी बघतो ना."

गोरक्षरावांनी 'मी बघतो' म्हटलेली वस्तू त्यानंतर बघण्यासारखी राहत नाही, हा उज्वलाचा संसारभराचा अनुभव होता. पण नवरा आपण होऊन काम करतोय म्हटल्यावर कुठली बायको मोडता घालेल?

खरी गोष्ट अशी होती, की मेकॅनिक आला की आधी मशीन पुढे ओढणार. आणि मशीन पुढे ओढलेलं गोरक्षरावांना चालणार नव्हतं. मशीनच्या मागे, भिंतीला लागून, एक प्लॅस्टिकचा डबा होता. डब्यात पेढे होते.

गोरक्षरावांना शुगर निघाल्यापासून उज्वलाने घरातली साखर कुंभमेळ्यात रामकुंडावर असतो तशा बंदोबस्तात ठेवली होती. तिच्या हाताला लागणार नाही अशी एकच जागा घरात उरली होती. "मशीनमागची झाडलोट यापुढे मी करत जाईन, तुझी कंबर दुखते," असं त्यांनी एकदा प्रेमाने सांगितलं, तेव्हा उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने ते बहिणींना फोन करून सांगितलं. तेव्हापासून साडूंमध्ये गोरक्षरावांबद्दल जरा नाराजीच होती.

दर सोमवारी ते त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जायचे आणि येताना पेढे आणायचे. देवाचा प्रसाद, त्याला कसली आलीय शुगर? (हा युक्तिवाद डॉक्टरांपुढे करायचं धाडस मात्र झालं नव्हतं.) मशीनच्या बाजूने हात घालायचा, झाकण चाचपडायचं, एक पेढा काढायचा. हल्ली त्या झाकणाला कडेने भोक पडलेलं बोटाला लागायचं. म्हणजे प्रसादात कुणीतरी भागीदार आला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भागीदाराने पेढ्यांवर भागवलं असतं तर त्यांची काही तक्रार नव्हती. पण तो गोडानंतर पाइप चावायचा. आपण बडीशेप खातो तसा.

पहिल्यांदा त्यांनी पाइपाला काळी चिकटपट्टी गुंडाळली. उंदराने चिकटपट्टी सोडली आणि शेजारचा पाइप खाल्ला. मग मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. लाल तिखट तेलात कालवून पाइपाला फासा, उंदीर जवळ फिरकणार नाही. गोरक्षरावांनी अर्धी वाटी तिखट कालवलं, मशीन आणि भिंतीच्या मधे खांद्यापर्यंत हात घातला आणि फासलं. हात निघता निघेना. तेवढ्यात नाक खाजलं. दुसरा हात मोकळा होता, पण तिखट त्याच हाताने कालवलेलं होतं.

"अहो, रडताय काय?" उज्वला धावत आली.

"काही नाही. तुझी आठवण आली."

"मी स्वयंपाकघरात होते!"

त्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क पगारांचे डोळे पाहून दोघातिघांनी हळू आवाजात विचारलं, कोण गेलं म्हणून. आणि उंदीर? तो नाशिकचा उंदीर. मिसळीच्या गावात जन्मलेला. दुसऱ्या दिवशी पाइप आणखी वीतभर गेला होता. तोंडी लावणं मिळाल्यामुळे असेल.

"पण हे उंदीर येतात तरी कुठून?" उज्वलाने कंबरेवर हात ठेवून विचारलं. "घरात कण सांडलेला नसतो माझ्या."

इथे गोरक्षरावांनी ते केलं, ज्याची त्यांना पुढे आयुष्यभर लाज वाटायची होती. त्यांनी बोट खाली दाखवलं.

"चाचांची बाजरी."

खालच्या फ्लॅटमध्ये बद्रुद्दीनचाचा आणि खुर्शीदाचाची राहायचे. चाचा मनमाडला रेल्वेत होते, रिटायर होऊन पंचवटीत आलेले. रोज सकाळी ते गॅलरीच्या कठड्यावर मूठभर बाजरी टाकत आणि खुर्ची मागे सरकवून बसत. मग होले यायचे, चिमण्या यायच्या. चाचा त्यांच्याशी काहीबाही बोलत. बाकी माणसांशी फार बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

बोट एकदा दाखवलं की परत घेता येत नाही. उज्वला जिन्यात सेक्रेटरींच्या बायकोशी बोलली. सेक्रेटरी हिरामण आव्हाडांनी मीटिंगच बोलावली. (आव्हाड लिफ्टमधला बल्ब गेला तरी मीटिंग बोलावत.) तिथे सगळ्यांसमोर ते म्हणाले, "पगार, तुमची तक्रार आहे ना? बोला."

गोरक्षरावांनी घसा साफ केला. "तक्रार अशी नाही... पण दाणे पडले की उंदीर येणारच. शास्त्रीय आहे ते."

चाचा उठले. "गोरक्षभाऊ, मला आधी सांगायचं ना. जिन्यात सांगितलं असतं तरी चाललं असतं. माझ्यामुळे त्रास होतोय तर बंद करतो." एवढं बोलून ते खाली बसले. खुर्शीदाचाची त्यांच्याकडे बघत राहिल्या. ठराव एकमताने झाला. गोरक्षरावांनीही हात वर केला, न करून सांगतात कुणाला.

दुसऱ्या सकाळी ते गॅलरीत दात घासत होते. खालच्या कठड्यावर होले येऊन बसले होते. रिकाम्या कठड्यावर ओळीने. एकाने मान वाकडी करून वर पाहिलं. गोरक्षराव ब्रश तोंडात ठेवूनच आत आले. त्या दिवशी त्यांनी एकही पेढा खाल्ला नाही. (दुपारपर्यंत.)

लाज वाटली की माणूस दुप्पट कामाला लागतो. आता उंदराला असा रोखायचा की हा विषयच संपेल, असं म्हणून ते रविवार कारंजाच्या बाजारातून लोखंडी जाळी घेऊन आले. नळाकडून पाइप सोडवला, त्यावर जाळीची नळकांडी चढवली, पुन्हा नळाला बसवला. मशीन तसूभर हलू दिलं नाही. बोटं रक्ताळली, पण पाइप चिलखत घातल्यासारखा दिसत होता. शेवटी हातात रबराची एक चकती उरली. कंपन्या हल्ली एखादा भाग जास्तीचा देतात, असं समजून त्यांनी ती खिशात टाकली, नळ पूर्ण सोडला आणि हॉलमध्ये येऊन म्हणाले, "उज्वला, चहा टाक. उंदराच्या बापाला चावता येणार नाही."

चहा अर्धा झाला तेव्हा बेल वाजली. दारात बद्रुद्दीनचाचा. डोक्यावरची टोपी ओली.

"गोरक्षभाऊ, माफ करा, सुटीच्या दिवशी तकलीफ देतो. आमच्या किचनमध्ये पाऊस पडतोय."

मागोमाग हातात परात घेतलेल्या खुर्शीदाचाची आल्या. परातीत कणीक होती, पण आता तिला कणीक म्हणायला मन धजलं नसतं. गोंगाट ऐकून आव्हाडही आले. मोरीत नळापाशी कारंजं उडत होतं. उज्वलाने नळ बंद केला. "पाणी मशीनमागे साठलंय. ओढा मशीन पुढे!"

"नको!" गोरक्षराव मशीनला पाठ लावून उभे राहिले. "शॉक बसेल!"

"प्लग काढलाय."

"जड आहे. चाचांना त्रास कशाला?"

"मी इंजिनं ढकललीत, भाऊ," चाचा म्हणाले आणि त्यांनी गोरक्षरावांना हळूच बाजूला केलं, मुलाला करावं तसं. आव्हाडांनी दुसरीकडून हात लावला. मशीन घसरत पुढे आलं.

मागे पेढ्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचं, बारीक चिरून रचलेलं, अतिशय नेटकं घरटं होतं. आसपास कागद. आणि मधोमध पाण्यात तरंगत असलेला डबा.

नळातून एक थेंब पडला, तोसुद्धा मोठ्याने.

चाचा आधी बोलले. त्यांनी गोरक्षरावांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं होतं. "उंदराचा काय भरोसा? आमच्याच घरातून ओढून आणले असतील पेढे."

"चाचा," आव्हाड म्हणाले, "डब्यात भरून?"

उज्वलाने वाकून डबा उचलला, उलटा केला, त्याच्या बुडावरचं नाव वाचलं. "हा माझा लोणच्याचा डबा," ती सावकाश म्हणाली. "हा मनमाडला राहिला म्हणून मी आईशी भांडले. तीन वेळा फोनवर. ती रडली होती."

गोरक्षरावांना वाटलं, मोरीचं भोक आहे तेवढं, त्यातून जाता आलं तर. चाचा अजून त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होते, की हवं तर अजूनही उंदरावर घाला, मी साक्ष देतो. त्या नजरेनेच सगळा घोटाळा केला. शिव्या दिल्या असत्या तर गोरक्षरावांनी नेटाने खोटं बोलून दाखवलं असतं.

"माझे आहेत," ते म्हणाले. "पेढे माझे. उंदीरही माझाच म्हणायचा. बाजरीचं मी खोटं बोललो. मला माहीत होतं."

"माहीत होतं?" उज्वलाने विचारलं.

"हो."

खुर्शीदाचाचींनी परात खाली ठेवली आणि त्या पहिल्यांदाच बोलल्या. "तो पंछियों का क्या कसूर था, भाईजान?"

गोरक्षराव फडकं घेऊन पाणी टिपायला बसले.

संध्याकाळी ते बाजरीची पिशवी घेऊन खाली गेले. चाचांनी आत बोलावलं, खुर्ची दिली. वर छताला मोठा ओला डाग पडला होता. त्याच्याकडे न बघता बसणं अवघड होतं.

"चाचा, माझं चुकलं. मीटिंग पुन्हा बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा," चाचा म्हणाले. "सांगू नका असं मी म्हणणार नाही. मला त्या दिवशी वाईट वाटलं, भाऊ. घरी येऊन जेवलो नाही." मग पिशवीत हात घालून त्यांनी दाणे बघितले. "बाजरी चांगली आहे. उद्या सकाळी तुम्हीच टाका. मी टाकत होतो तेव्हा ठराव नव्हता, आता आहे. तो तुम्हीच मोडा."

खुर्शीदाचाचींनी चहा आणला. गोरक्षरावांनी एक घोट घेतला. बिनसाखरेचा होता. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

मीटिंग झाली. गोरक्षरावांनी उभं राहून सगळं सांगितलं. सांगताना 'थोडेसे पेढे' म्हणाले, तेव्हा उज्वलाने मागच्या ओळीतून 'दर सोमवारी' अशी दुरुस्ती केली. आव्हाडांनी ती इतिवृत्तात घेतली आणि बाजरीचा ठराव रद्द झाला. मनमाडलाही फोन झाला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता डबा घरीच ठेवा, पण रिकामा."

मग मेकॅनिक आला. त्याने रबराची चकती मागितली, ती गोरक्षरावांनी खिशातून काढून निमूट दिली. नवा पाइप जाडसर प्लॅस्टिकच्या नळीतून घातला गेला, मोरीच्या भोकाला जाळी बसली, घरटं साफ झालं. उज्वलाने पिंजरा लावला. खाऊ बंद झाल्याने बेजार झालेला उंदीर भाकरीच्या तुकड्यालाही भुलला आणि सकाळी अडकलेला सापडला. चांगला गुबगुबीत होता. कोवळ्या उन्हात डोळे मिचकावत होता.

"मारायचा नाही," गोरक्षराव घाईने म्हणाले. "मी लांब गोदाकाठी सोडून येतो."

पिंजरा घेऊन ते निघाले. चाचा कठड्याशी उभे होते, होले पुन्हा येऊ लागले होते. आव्हाड गेटपाशी होते, त्यांनी मुद्दाम गेट उघडून धरलं. चारी बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. गोरक्षराव मान खाली घालून, पिंजरा पायाशी लपवत भरभर चालले. गेटबाहेर पाऊल पडणार एवढ्यात वरून उज्वलाचा आवाज आला, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा:

"त्याला सोडलं की सरळ घरी या! वाटेत दोघं मिळून कुठे खायला थांबू नका!"